तीनशे मिलिलिटर

किरणच्या लघवीचं माप मीच वहीत लिहायचे. मापाचं भांडं मुलुंडच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधून आणलं होतं. पहिल्या आठवड्यात दिवसाला चाळीस मिलिलिटर, मग नव्वद, मग दीडशे. सोमवारी तीनशे.

माझ्या नवऱ्याच्या प्रतिकारशक्तीनेच त्याच्या किडन्यांवर हल्ला केला होता. दहा लाखांत एखाद्याला होणारा आजार. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी रक्तातून काढून टाकल्या, नव्या तयार होऊ नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "महिनाभरात लघवी वाढली तर गोळ्या चालू ठेवू. नाहीतर त्यांचा उपयोग नाही, नुसता जंतुसंसर्गाचा धोका."

लघवी वाढत होती, पण किडनीने गाळून लघवीत टाकायचं ते क्रिएटिनिन रक्तात उतरत नव्हतं. पायांची सूजही नाही. मंगळवारी भांड्यातला नमुना मी लॅबमध्ये नेला. लघवीत भरपूर असायला हवं ते क्रिएटिनिन जवळजवळ शून्य आलं. पुन्हा तपासलं. तेच. भांड्यात जवळजवळ सगळं नळाचं पाणी होतं.

संध्याकाळी भांडुपला घरी आले तेव्हा तो पलंगावर पाय लांब करून बसला होता.

"कधीपासून पाणी ओततोयस?"

तो आधी हसला. "लॅबवालीशी लग्न केलं, तिथेच वाट लागली."

"किरण."

"दुसऱ्या आठवड्यापासून. आकडा लिहिताना तुझा चेहरा बघायचो ना मी."

"त्या गोळ्यांनी तुझ्या पांढऱ्या पेशी अठराशेवर आल्यात रे. साधा ताप आला तरी जाशील."

"आणि गोळ्या बंद झाल्या की? किडनी गेली हेच ठरलं ना मग? महिना व्हायला चारच दिवस राहिलेत, दीप्ती. तेवढे तरी थांब गं."

ते चार दिवस त्याला द्यावेत असं मलाही वाटलं. मग मी त्याच्याच मोबाइलवरून डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"बोला किरण," डॉक्टर म्हणाले. "आज किती झाली?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फोन त्याच्याकडे सरकवला.

"वीसेक," तो म्हणाला. "वाढलीच नव्हती, सर. मी पाणी घालत होतो."

"आजपासून त्या गोळ्या घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. "डायलिसिसचे वार तेच राहतील. आता कायमचे."

किरणने सवयीने "थँक यू, सर" म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. साडेसात वाजले होते.