दुसरं वळण

सिस्टरने त्याच्या उजव्या हातात रबराचं पिवळं बदक ठेवलं आणि त्याची बोटं मिटवली.

"डॉक्टर सांगतील तेव्हा दाबायचं, काका. वाजलं की आम्हाला कळतं, मेंदूला रक्त नीट पोचतंय."

"म्हणजे हॉर्न," तो म्हणाला. "वळणावर द्यायचा."

सिस्टर हसली. जांघेत बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन उताणं झोपवल्यावरही ज्याची जीभ स्वस्थ बसत नाही, असा माणूस त्या टेबलावर रोज येत नसावा. जन्मभर त्याने बस चालवली होती आणि मागच्यांना कधी धड डुलकी लागू दिली नव्हती.

आता घरी ती सगळी बडबड एकटीसाठी होती. बायकोची दृष्टी गेल्यापासून तो तिला जग बोलून दाखवायचा. समोरच्या गॅलरीत कोण उभं आहे, भाजीवाल्याने मिशी कशी उडवली, आभाळ आज कसं मळकट आहे. चार गोष्टी पदरच्याही घालायचा. तिला ते कळायचं, पण ती तसं दाखवायची नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी त्याला "खिडकी" हा शब्दच सापडेना. नुसतं तोंड हलत राहिलं. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ती भिंत चाचपत त्याच्यापर्यंत आली होती.

"अहो, आहात ना?"

मानेतली डावी रक्तवाहिनी अरुंद झाली होती, शिवाय दोन ठिकाणी वाकडी. बोलणं त्याच बाजूच्या मेंदूत असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी बसवली नाही तर कधीही झटका येईल. बसवतानाही येऊ शकतो. इकडे आड, तिकडे विहीर. आत नेताना बायको त्याचा हात सोडेना.

"हात गेला तर मी भरवीन," ती म्हणाली. "पण बोलणं घालवून येऊ नका हो."

"माझं तोंड बंद करणं तुला जमलं नाही, ते या डॉक्टरला काय जमणार!"

असं म्हणाला खरा, पण तिचा हात त्यानेही लगेच सोडला नाही.

"पहिलं वळण पार," पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर म्हणाले. जांघेतून सरकवलेली तार मानेत पोचली होती. "दाबा, काका."

बदक वाजलं.

"मुलं किती तुम्हाला?"

"एक मुलगी. आईवर गेलीय, म्हणून बरी आहे."

गालात आतून कोमट पाणी पसरल्यासारखं झालं. ते औषधामुळे होतं, हे सिस्टरने आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या वळणाशी तार अडली. डॉक्टरांनी ती मागे घेतली, पुढे केली, पुन्हा मागे घेतली. आता कुणी हसत नव्हतं. ही शांतता त्याच्या ओळखीची होती. बसमधली माणसं एकाएकी गप्प होतात, तेव्हा त्यांना दरी दिसलेली असते.

"गेली," डॉक्टर म्हणाले. "आता फुगा फुगवतोय. हलू नका."

उशाशी टिकटिकणारं यंत्र संथ झालं. कुणीतरी घाईने सलाइनमधून इंजेक्शन दिलं.

"दाबा, काका."

त्याने दाबलं. आवाज आला नाही.

"दाबा."

दाबतोय की! त्याने होता नव्हता तो जोर लावला. बदकच बिघडलं असणार, स्वस्तातला माल. तसं त्याने सिस्टरला सांगितलंही, हे फाटलंय, दुसरं द्या म्हणून. सिस्टरने वाकून त्याच्या उघड्या तळहातावरून बदक उचललं आणि दाबून पाहिलं. ते खणखणीत वाजलं.

डॉक्टर भराभर काहीतरी सांगू लागले. त्याला फार भीती वाटली, आणि भीती वाटली की तो जे करायचा तेच त्याने केलं. बोलू लागला. बायकोला आत बोलवा म्हणाला. इथला दिवा केवढा आहे, चादर हिरवी आहे, तुमच्या कपाळावर घाम आलाय, सगळं तिला सांगायचंय म्हणाला. कुठे एक शब्द अडला नाही.

सिस्टर त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"काका," ती हलकेच म्हणाली, "गप्प का झालात? काहीतरी बोला ना."