सोवळ्यातला टीव्ही

वेंकूअक्काचं पत्र येऊन अकरा महिने झाले, तरी अनिरुद्धरावांनी उत्तर धाडलं नव्हतं. पत्र साताऱ्याहून आलेलं. 'हे गेल्यापासून घर खायला उठतं. चार महिने तुझ्याकडे राहावंसं वाटतं. येऊ का? सरोजाला विचारून लिही.'

तिथंच सगळं अडलं. अक्का माहेरपणाला आली असताना सोवळ्याच्या चुलीवरून तिचं नि सरोजाबाईंचं असं वाजलं होतं, की पुढं चाळीस वर्षं ती दोन दिवसांच्या वर राहिली नाही. बायकोला विचारायचं कसं? आणि लिहायचं कोणत्या मराठीत? त्यांचं एक पत्र साताऱ्याला मेहुण्यांनी ओसरीवर चारचौघांत मोठ्यानं वाचलं होतं. ती तंजावरी बोली ऐकून लोक पोट धरून हसले होते. तेव्हापासून ग्रंथालयात जन्म काढलेल्या या माणसाचा हात मराठी लिहिताना कापे. पत्र टेबलावर उघडंच पडलेलं असे. घरात देवनागरी वाचणारं दुसरं होतं कोण?

त्या वर्षी तंजावरात गांधीजी रोडच्या दुकानांत पाटीसारखे सपाट टीव्ही दिसू लागले. तसला एक छोटा स्वयंपाकघरात हवा, असं सरोजाबाईंनी मनावर घेतलं.

"सोवळ्यात टीव्ही? रिमोटला हात कसा लावशील?"

"मी कशाला लावू? तुम्ही आहात की. उंबऱ्याबाहेर पेपर वाचता वाचता एक बटण दाबलं, तर बोट झिजेल काय?"

अनिरुद्धरावांना एकदम सतरा वर्षांची अक्का दिसली. सोवळं नेसून ती साराला फोडणी देई. रेडिओ बाहेरच्या खोलीत. तिरुच्ची केंद्रावर नागस्वर सुरू झालं की आतून हाक येई, "अनू, आवाज वाढव रे!" नऊ वर्षांचा अनू धावे. बक्षीस म्हणून अक्का गरम वडा वरून त्याच्या तळहातावर टाकी, शिवाशीव नको म्हणून. हात पोळे, पण तो मागं घेत नसे.

दुकानात वेंकटेश नावाच्या विक्रेत्यानं दोन टीव्ही लावून दाखवले.

"पंधरा इंची पुरे," अनिरुद्धराव पुटपुटले. "दोनच माणसं आपण."

सरोजाबाईंनी उभ्यानं पाहिलं, बाजूनं पाहिलं, आणि पदर खोचून सरळ फरशीवर बसल्या. वेंकटेश गडबडला.

"खालून काळं दिसतं हो," त्या म्हणाल्या. "माणसं नुसती सावल्यांसारखी."

"खाली बसून कोण बघणार आहे?"

"अक्का. त्या बसूनच भाजी चिरतात ना?"

"अक्काचं तुला कोणी सांगितलं?"

"मला देवनागरी वाचता येत नाही म्हणून काय झालं? टेबलावर पत्र नि तुमचं तोंड श्राद्धाचं! आठवड्यातच शेजारच्या बाळकृष्णरावांकडून वाचून घेतलं. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"मला विचारून लिही म्हणाल्या त्या. आज विचाराल, उद्या विचाराल, म्हणून वाट बघत बसले."

"पण तुम्हा दोघींची ती चूल…"

"भांडायला आता गुडघे कोणाचे आहेत? त्या चिरतील, मी ढवळीन. टीव्ही दिसला नाही तर मात्र भांडण होईल."

वेंकटेशला मराठी कळत नव्हतं, पण अडचण कळली. "मामी, भिंतीवर पुढं कलता लावून देतो. खालून स्वच्छ दिसेल," तो तमिळमध्ये म्हणाला. एकोणीस इंची ठरला.

दुपारी अनिरुद्धराव लिहायला बसले. तीन कागद फाडले. 'आपले कृपापत्र' म्हटलं की अक्का परकी होई, आणि घरचं लिहावं तर ओसरीवरचं हसू ऐकू येई.

"तमिळ अक्षरांत लिहा की," सरोजाबाई म्हणाल्या. "अक्का इथल्याच शाळेत शिकल्या. तुमच्या आई तसंच लिहीत ना, मराठी बोलणं, तमिळ अक्षरं?"

त्यांनी नवा कागद घेतला. त्या गोल अक्षरांत हात कापला नाही. 'अक्का, ये. सरोजाला विचारलं.'

सरोजाबाईंनी खांद्यावरून वाचलं. "विचारलं? कधी हो?"

त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, 'विचारायला भ्यालो. तीच ये म्हणते.' सरोजाबाईंनी कागद ओढून खाली चार ओळी लिहिल्या आणि त्यांना न दाखवता पाकीट चिकटवलं.

पोस्टाच्या पेटीपाशी अनिरुद्धराव पाकीट हातात धरून बराच वेळ उभे राहिले. इतक्या उशिरा लिहिलेलं अक्काला आवडेल का? मागं कोणीतरी खाकरलं.

"सर, टाकताय का?"

"होय, होय," म्हणत त्यांनी पत्र आत सोडलं.