दिलेलं उसवू नये

भर वैशाखात मांडीवर लोकर घेऊन बसणारी बाई साऱ्या अमरावतीत एकच असेल, आणि ती आपल्याच गल्लीत राहते, असं शेजारच्या दुर्गाबाई येईल-जाईल त्याला सांगत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. डांबर चपलेला चिकटायला लागलं की बाकीच्या बायका कुरड्या-पापड उरकून कूलरसमोर आडव्या होत. माणिकबाई मात्र घामानं लोकर चिकट होऊ नये म्हणून तळहातांना थोडी पावडर चोळून खिडकीशी सुया घेऊन बसत. "माणिकबाई, तुमाले पाहूनच आमाले घाम फुटते हो," दुर्गाबाई म्हणत. "हिवाळ्यात विणाले बसलं तं स्वेटर उन्हाळ्यात तयार होते, मंग तो घालता कुठी?" माणिकबाई विचारत आणि मान वर न करता पुढची ओळ सुरू करत.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. विणलेलं सारं दुसऱ्यांच्या अंगावर जाई, आणि सगळ्यांत जास्त जाई ते अकोल्याला, शालूकडे. दोघी तिवस्याच्या, एका बाकावरच्या. एकीला अमरावतीत दिलं, एकीला अकोल्यात. पण दर उन्हाळ्यात शालूच्या हातच्या कुरड्या कुणाच्या तरी हाती अमरावतीला येत आणि माणिकबाईंच्या हातचं काहीतरी उलट्या दिशेनं जाई. शालूची आकांक्षा कॉलेजची सारी वर्षं माणिकबाईंकडेच राहून शिकली. ती त्यांना मावशी म्हणे, आणि तेवढ्या शब्दावर समाधान मानून घ्यायची सवय माणिकबाईंना झाली होती. आता आकांक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. या वर्षी कुरड्या मात्र आल्या नव्हत्या. गुडघे धरतात, असं शालू फोनवर म्हणाली होती.

भांडेवाली आली ती एका सकाळी. दोन जुन्या साड्यांवर एक पातेलं, अशी घासाघीस चालली होती. साड्या ठेवायला तिनं गाठोडं सोडलं, आणि आतून एक मोरपंखी बाही बाहेर लोंबली. मनगटाशी साबुदाण्याची वीण. आपल्या हातची वीण ओळखायला चष्मा लागत नाही.

"हे कुठून आणलं?" माणिकबाईंनी विचारलं.

"अकोल्याहून, बाई. एकाच घरचा गठ्ठा हाय. नव्या फ्लॅटात गेल्या ना, कपाट खाली करून राहिल्या होत्या. म्हने, हे हातचं विणेल आता कोन घालते?" भांडेवालीनं तिला ऐकू आलं ते सांगितलं, तिचं काय जात होतं.

गठ्ठ्यात शाल होती, मफलर होता, आकांक्षाचा शाळेतला लाल स्वेटर होता. पण माणिकबाईंची नजर मोरपंखी स्वेटरवरून हलेना. आकांक्षा झाली तेव्हा शालूला थंडीनं धरलं होतं. शेक झाले, धुरी झाली, डॉक्टर झाले. पोर मांडीवर आणि आई थडथड कापतेय. तेव्हा माणिकबाईंनी आठवडाभर खाली मान घालून तो स्वेटर विणला, स्वतः नेऊन तिच्या अंगात घातला, आणि थंडी गेली ती गेलीच. "माणिकनं मले वाचवलं," असं शालू कितीतरी वर्षं चारचौघांत सांगत असे. तो स्वेटर आता एका गाठोड्यात, कुणाच्या तरी फाटक्या परकराखाली होता. माणिकबाईंनी कपाटातली नारायणपेठी आणून दिली आणि सगळा गठ्ठा घरात घेतला. भांडेवाली जाताना दोनदा वळून पाहत गेली. असलं खुळं गिऱ्हाईक तिला रोज थोडंच मिळत होतं.

शालूला त्यांनी काही विचारलं नाही. राग बोलून दाखवणारी माणसं सुखी. माणिकबाईंचा राग आत मुरत राही आणि लोणच्यासारखा वर्षभर टिके. दोन दिवसांनी त्यांनी कात्रीच्या टोकानं मोरपंखी स्वेटरच्या डाव्या बाहीची शिवण सोडली. आकांक्षाच्या बाळाला टोपरं करायचं होतं, आणि धुऊन धुऊन मऊ पडलेली लोकर कोवळ्या डोक्याला टोचत नाही, हे खरंच होतं. दुसरंही एक खरं होतं, ते त्या स्वतःशी बोलल्या नाहीत. धागा सरसर सुटत गेला. त्यांच्या सासूबाई, पार्वताबाई, असत्या तर ओरडल्या असत्या. "ज्याले देल्लं तो जित्ता हाय तोवर त्याचं उसवू नये," त्या म्हणत. "फाटलं तं पोतेरं कर, पन उसवू नको." सासूबाईंचं मंगळवारी सुई घेऊ नये हेही होतं आणि तिन्हीसांजेला गाठ मारू नये हेही होतं. माणिकबाईंनी सगळं ऐकलं होतं आणि सगळं सोडून दिलं होतं.

टोपरं पूर्ण झालं. संध्याकाळी शालूचा फोन आला, आकांक्षाची ख्यालीखुशाली झाली, आणि शेवटी ती सहज म्हणाली, "मले काई बरं नाई वाटून राहिलं वं. डावा हात गार पडते. इकडं सारे घामानं निथळून राहिले, आन मी एक हात पदरात घेऊन बसली."

"उन्ह लागलं असन," माणिकबाई म्हणाल्या. "कांद्याचा रस लाव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उजवी बाही सोडली. कशासाठी, ते ठरलं नव्हतं. नुसता गुंडा करून ठेवत होत्या. त्या रात्रीचं जेवण झाल्यावर शालूचा पुन्हा फोन: आता दोन्ही हात. त्यानंतर त्यांनी पाठ सोडली, तर फोनवर शालूची पाठ. आणि पाठीची पाळी आली तेव्हा माणिकबाईंनी उसवणं थांबवलं. त्यांनी स्वेटर कपाटात लोटला, दार लावलं, किल्ली देवघरात ठेवली. असं कुठं असतं, असं त्या दिवसभर स्वतःला सांगत राहिल्या. तेवढा दिवस शालूची थंडी वाढली नाही.

मग तो फोन आला. माणिकबाई स्वेटर बाहेर काढून बसल्या होत्या. विणून परत करावा की काय, असं त्यांच्या मनात येत होतं. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी मांडीशी ठेवला.

"दोन गोधड्या घेतल्या तरी भागत नाई, माणिक," शालू म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "मले तुया स्वेटरची याद आली. तो मोरपंखी. कपाटातच हाय, जपून ठेवेल हाय मी. काढतो म्हनलं आज."

माणिकबाईंचं बोट सुटलेल्या टोकात अडकलं होतं आणि बोटानं ओढलं. एक ओळ सुटली. फोनमध्ये शालूचे दात वाजले, ते स्पष्ट ऐकू आले.

"कोन्या कपाटात हाय?" माणिकबाईंनी शांतपणे विचारलं.

"बेडरूमच्या. वरच्याच खनात."

आणखी एक ओळ. आणखी एक. त्यांना माहीत होतं. यापुढे कधी कुणी विचारलं असतं, तर माहीत नव्हतं असं त्यांना म्हणता आलं नसतं. पलीकडून "आई गं" असा बारीक आवाज आला आणि फोन बंद झाला. स्वेटरची जागा मांडीवरच्या मोठ्या, कुरळ्या गुंड्यानं घेतली होती, आणि माणिकबाईंना सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटली असेल तर ती आपल्याला बरं वाटल्याची.

सकाळी आकांक्षा फोनवर रडत होती. सगळ्या तपासण्या झाल्या, कशातच काही निघालं नव्हतं. "मावशी, तू ये ना. आई तुयंच नाव घेऊन राहिली."

एसटीत खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. मूर्तिजापूर गेलं तरी माणिकबाईंनी पाण्याचा घोट घेतला नाही. पिशवीत सुया, लोकर आणि टोपरं होतं, आणि मनात एकच होतं: शालूनं एकदा खरं सांगावं. "देल्ला मी स्वेटर, चुकलं मायं," एवढंच. मग आपणही आपलं सांगू, दोघी रडू, आणि संपेल.

तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटच्या साऱ्या खिडक्या बंद होत्या. कूलरवर हिवाळ्यात घालतात तसं पोतं घातलेलं होतं. दिवस भरत आलेली आकांक्षा वर्तमानपत्रानं वारा घेत, घामानं चिंब होऊन दार उघडायला आली. आत शालू गोधड्यांखाली इतकीशी दिसत होती. तिचा हात हातात घेतला तर माठाच्या बुडाला हात लावल्यासारखं वाटलं. माणिकबाईंचे डोळे भरून आले, आणि ते अश्रू खोटे नव्हते.

"मावशीले चिवडा दे," शालू म्हणाली. आकांक्षानं डबा आणला. चांगला जाड, लखलखीत, स्टीलचा.

"नवा घेतला काय?"

"भांडेवालीपासून."

"काय देल्लं तिले?"

शालूनं डोळे मिटले. "जुन्या साड्या होत्या दोन."

"नुसत्या साड्या?"

"व्हय वं. नुसत्या साड्या."

माणिकबाईंनी चिवडा खाल्ला. मग सुया काढल्या आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून टाके घातले. उसवलेली लोकर लपत नाही, जुन्या विणीच्या अढ्या तिच्या अंगात राहतात. चार बोटं काम झालं तेव्हा शालू कुशीवर वळून त्या धाग्याकडे पाहत होती.

"नवी आणली काय लोकर?"

"व्हय. बजारातून."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाहेर उन्हाचा नुसता धूर झाला होता. सुयांचा आवाज तेवढा चालू राहिला.

पाठ झाली तशी शालू उठून बसली. पुढचे भाग जोडले तेव्हा तिनं भाकर मागितली. उजवी बाही झाली आणि त्या हातानं तिनं स्वतःची वेणी घातली. "माणिकनं मले दुसऱ्यांदा वाचवलं," असं ती समाचाराला येणाऱ्यांना सांगू लागली, आणि ते ऐकताना माणिकबाई सुयांवरचे टाके पुन्हा मोजू लागत. त्याच दिवसांत आकांक्षा बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यात एसीचा वारा लागतो म्हणून टोपरं आहे का, असं नर्सनं विचारलं. माणिकबाईंचा हात पिशवीत जाऊन रिकामाच बाहेर आला. तेव्हा शालूनंच पिशवी ओढून ते मोरपंखी टोपरं काढलं.

"राहू दे ते," माणिकबाई म्हणाल्या.

"काहून? जुन्या लोकरीचं तं हाय. लेकराच्या अंगाले पयलं जुनंच लावावं," शालू म्हणाली, आणि नातीच्या डोक्यावर टोपरं घालून नाड्या नीट बांधल्या. माणिकबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. नवी लोकर म्हणून सांगितलं होतं, आणि शालू जुनी म्हणाली होती.

डाव्या बाहीला लोकर पुरली नाही. पुरणार नव्हतीच; ती टोपऱ्यात होती. माणिकबाईंनी अकोल्याच्या दुकानांतून त्या रंगाच्या जवळपासची शोधून आणली, जोडून बाही पुरी केली. पण शालूचा डावा हात कोपरापासून खाली गारच राहिला. "एवढा एक हात राहिला वं," ती रोज म्हणे, तो हात पुढं करून, आणि माणिकबाई तो आपल्या दोन्ही हातांत चोळत बसत.

बाळ घरी आलं त्या आठवड्यातली दुपार. लाइट गेली होती. आकांक्षा भिंतीला टेकून पेंगत होती, आणि शालू पलंगावर, दोन रंगांचा स्वेटर घालून, नातीला मांडीवर घेऊन बसली होती. माणिकबाई पाणी पिऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या. टोपऱ्याच्या कडेचा धागा सुटला होता. शालू डाव्या हाताच्या बोटाभोवती तो सावकाश गुंडाळत होती, जपमाळ ओढावी तसा, आणि टोपऱ्याची कड एकेक ओळ वर सरकत होती.

"माणिक, पाह्य," शालू हसून म्हणाली, "या हातालेही ऊब येऊन राहिली."

आकांक्षानं झोपेतच हात लांबवून मुलीचे तळपाय चाचपले आणि डोळे उघडले. "आई, हिचे पाय इतके थंड काहून? कूलर बंद कर ना."

कूलरवर पोतं तसंच होतं.

"शालू, धागा नको ओढू," माणिकबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "उसवते ते."

शालूचं बोट थांबलं. तिनं मान वर केली आणि माणिकबाईंकडे बराच वेळ पाहिलं. त्या चिवड्याच्या दिवशी माणिकबाईंनी तिच्याकडे पाहिलं होतं, अगदी तसंच, वाट पाहत.

"उसवलं तं काय होते, माणिक?"

आकांक्षा दोघींच्या तोंडाकडे पाहत होती. माणिकबाईंना मावशी म्हणणारं सगळ्या जगात तेवढं एकच माणूस होतं. माणिकबाईंचे ओठ हलले, सुकले, पुन्हा हलले.

"काई नाई," त्या म्हणाल्या.

शालूनं मान खाली घातली आणि बोटाभोवती धाग्याचा आणखी एक वेढा घेतला.