तेरा फुटांची काठी

क्रेगने डार्लीनच्या हातात दिलेल्या काठीची मूठ जांभळी होती.

"हलवून बघा, मिस डार्लीन. हातात काही आहे असं वाटतच नाही," तो म्हणाला. "खास बायकांसाठी काढलीय. सहा नंबरी, म्हणजे अगदी हलकी. मनगट दुखायचं नाव नको."

डार्लीनने काठी हलवून पाहिली. खरंच, वजन म्हणून नव्हतं. वजन नसलेली वस्तू आयुष्यात तिच्या हाती कुणी फारशी दिली नव्हती. आणि आज बासष्टाव्या वर्षी ती पहिल्यांदा स्वतःसाठी गळाची काठी घ्यायला आली, तर समोर ही आली.

"मला स्टीलहेडसाठी हवीय, क्रेग," ती म्हणाली. "काचेच्या भांड्यातल्या माशांसाठी नाही."

शेगडीपाशी बसलेला गस कॉफीच्या कपात हसला. गस म्हातारा लाकूडतोड्या. लाकडाचा कारखाना बंद पडल्यापासून त्याचा मुक्काम क्रेगच्या दुकानातच असे, आणि हिवाळ्यात दुकानाला शेगडीइतकीच त्याचीही गरज आहे असं तो धरून चालला होता.

स्टीलहेड नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन दांडगा होतो आणि हिवाळ्यात पुन्हा आपल्याच नदीत चढून येतो. टॅलिस नदीच्या काठावरची माणसं डिसेंबर ते मार्च दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाहीत. लग्नं, बारशी, दातांच्या डॉक्टरच्या तारखा, सगळं या माशाला विचारून ठरतं. डार्लीनच्या घरात तर तेहेतीस वर्षं ठरत आलं होतं. आठवड्याचे पाच दिवस ती शाळेची पिवळी बस चालवायची आणि शनिवारी नवऱ्याची नाव. नाव वल्हवायची ती, सँडविचं करायची ती, काठावर शेकोटी पेटवायची ती, मासा जवळ आला की जाळं घालायची ती. काठी मात्र वेंडेलच्या हातात. त्याच्या अकरा काठ्या गॅरेजात ओळीने टांगलेल्या होत्या, आणि धूळ पुसण्यापलीकडे तिने त्यांना हात लावायचा नाही असा नियम होता. नियम कधी कुणी बोलून दाखवला नव्हता. असले नियम बोलून दाखवावे लागत नाहीत.

क्रेगने आवाज खाली आणून विचारलं, वेंडेलचं काय म्हणणं आहे, त्याला विचारलंत का. तो तसा गुणी होता. आठ वर्षं तिच्याच बसमधून शाळेत गेला होता, एकदा पहिल्या सीटवर ओकला होता आणि तिने ते निमूट पुसलं होतं. म्हणून पस्तिशीतही ती त्याच्यासाठी 'मिस डार्लीन'च होती. पण दुकानात बाई एकटी आली की तिच्या खांद्यामागे एक पुरुष उभा आहे असं धरूनच तो बोलायचा. वाईट मनाने नव्हे. सवयीने. डार्लीनला आताशा वाईट मनापेक्षा सवयीचाच जास्त राग येऊ लागला होता.

"ती दे," तिने भिंतीकडे बोट केलं. "तेरा फुटी. दोन हातांची. आठ नंबरी."

"ती जरा अवजड जाईल तुम्हाला."

"चाळीस फुटी बस बर्फात उलटी घेत होते मी, क्रेग. तू आत बसलेला असायचास."

क्रेगने शिडी आणली, पण चढला नाही. मग तिनेच त्याला समजावलं. टॅलिसच्या काठाला झाडं थेट पाण्यापर्यंत आलेली. एका हाताची काठी घेतली की फेकताना दोरी मागे जाते आणि अर्धा दिवस फांद्यांतून गळ सोडवण्यात जातो. दोन हातांच्या लांब काठीने दोरी मागे न नेता पाण्यावरूनच उचलून वळवता येते. शिवाय भार दोन्ही खांद्यांवर वाटला जातो. तिचा उजवा खांदा बसच्या दाराच्या दांड्याने केव्हाच खाल्ला होता.

"तुम्ही कधी फेकलीय का दोन हातांनी?" क्रेगने विचारलं.

"ही माझ्या जुन्या काठीने फेकतेय नोव्हेंबरपासून," गस शेगडीपासून म्हणाला. "शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर. पाऊस साचून तळं होतं ना, तिथं. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. गोलपोस्टला दोनदा अडकवलीन, पण आता बरी जाते."

क्रेगने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि शिडी चढला.

काठी खाली आली. चार तुकडे जोडून तिने ती दुकानाच्या लांबीत धरली. टोक पार मागच्या बुटांच्या खणापर्यंत गेलं. जड होती. पण बसचं चाक जसं हातात बसतं तशी बसली.

मग लीडरवरून पुन्हा सुरू झालं. लीडर म्हणजे जाड दोरी आणि पिसांची नकली माशी यांच्यामधला पारदर्शक धागा. क्रेगने नऊ फुटी, टोकाला केसासारखा बारीक होत जाणारा, आठ पौंडांचाच ताण सोसणारा धागा काढला. मासा बुजरा असतो, त्याला धागा दिसता कामा नये, वेंडेलही हाच नेतो, असं त्याने सांगितलं.

"नेतो ना. म्हणून तर नको," डार्लीन म्हणाली.

फेब्रुवारीत टॅलिसचं पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ असतं. त्यात माशाला धागा कुठला दिसतोय? दोरीचं टोक बुडावं म्हणून ते जड घ्यायचं आणि पुढे नऊ फूट हलका धागा लावायचा, म्हणजे टोक तळाशी आणि माशी वर तरंगत. मासा बिचारा खाली वाट बघत बसलेला. साडेतीन फूट पुरे. आणि पंधरा पौंडी. बारीक धाग्यावर मासा पाऊण तास खेळवला की काठावरचे लोक 'वा' म्हणतात, हे खरं. पण नदीत जन्मलेला रानटी मासा कायद्याने परत सोडायचा असतो, आणि तो तोवर थकून अर्धमेला झालेला असतो. अशा माशाची शेपूट धरून, त्याचे कल्ले पुन्हा हलेपर्यंत, बर्फासारख्या पाण्यात गुडघ्यावर कितीदा बसले असेन याचा हिशेब 'वा' म्हणणाऱ्यांनी कधी ठेवला नाही, असं ती म्हणाली. एकदा तिने धरलेला मासा हात सोडताच उलटा होऊन पोट वर करून वाहत गेला. वेंडेल तेव्हा काठावर पाईप पेटवत होता.

क्रेगने नऊ फुटी पाकीट गुपचूप मागे घेतलं.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि वेंडेलच आत आला. ओला रेनकोट, पांढरी दाढी, चेहऱ्यावर सगळ्या दुकानासाठी हसू. बाहेर तिची गाडी दिसली म्हणून आलो, म्हणाला. मग त्याला काठी दिसली.

"ही कुणासाठी, डार?"

"माझ्यासाठी."

वेंडेल मोठ्याने हसला, गसही हसेल म्हणून थांबला, आणि मग क्रेगकडे वळून ती गोष्ट सुरू केली. दुकानातल्या भिंतींनाही पाठ असेल ती. बावीस वर्षांपूर्वीचा बावीस पौंडी मासा. आयुष्यात एकदाच लागतो असला. नावेपासून हातभर अंतरावर आला, आणि हिने जाळ्याची कड दोरीला लावली. खट्. दोरी तुटली, मासा गेला. मागच्या महिन्यात डार्लीनच्या निवृत्तीला शाळेच्या जेवणघरात मुख्याध्यापिकेने वेंडेलला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं. एकोणतीस वर्षं तिने कुणाच्या लेकराला ओरखडा येऊ दिला नाही, आणि निरोपाच्या दिवशी अख्खा गाव हसला तो त्या माशावरून. ती केक कापत होती. सरळ कापला होता तिने, अगदी रेषेत.

"जिला जाळं धरता येत नाही तिला काठी देतोयस?" वेंडेल म्हणाला. "आणि मग माझं जाळं कोण धरणार?"

डार्लीनने काठी काउंटरवर आडवी ठेवली.

"वेंडेल," ती म्हणाली, "दोरी तुटली नव्हती."

"काय?"

"त्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात तुझी दोरी मीच गुंडाळली. लीडरचं टोक तुटलेलं नव्हतं. पीळ पडला होता त्याला."

क्रेग हातातलं पाकीट धरून तसाच राहिला. गसने कप खाली ठेवला.

"कसला पीळ?" गसने विचारलं. मऊ आवाजात, पण विचारलं.

"डुकराच्या शेपटीसारखा."

याहून अधिक त्या दुकानात सांगायची गरज नव्हती. धागा कापला गेला तर टोक सरळ राहतं. पीळदार टोक एकच सांगतं: गाठ सुटली. ओठांत धरून ओली न करता, घाईने कोरडीच आवळली की ती अशी सरकून सुटते. माशीची गाठ वेंडेल कुणाला मारू देत नसे. ती गाठ त्याची होती.

वेंडेलच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. जागा न सापडल्यासारखं थोडा वेळ तिथेच राहिलं.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुझ्या वडिलांना पुरून आठवडा झाला होता. तुझं कशातच लक्ष नव्हतं. मला वाटलं, हा एक आठवडा माझ्यावर जाऊ दे." तिने काठी पुन्हा हातात घेतली. "मी एका आठवड्यापुरती गप्प बसले, वेंडेल. तू बावीस वर्षं वापरलंस."

वेंडेलने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली आणि बाहेर गेला. घंटा वाजली.

क्रेगने साडेतीन फूट पंधरा पौंडी धागा रिळावरून मोजून कापला. न विचारता आणखी चार तसेच कापले आणि एकेक गुंडाळून पुडीत ठेवले. "मिस डार्लीन," तो म्हणाला आणि पुडी बांधू लागला. "पावती पिशवीत टाकतो," असं म्हणाला शेवटी.

सोमवारी उजाडता उजाडता डार्लीन एकटी नदीवर गेली. घरात दोन दिवस मिठाच्या डबीपुरतं बोलणं झालं होतं. ती निघाली तेव्हा वेंडेलच्या खोलीचं दार बंद होतं.

नदीच्या ज्या वळणावर ती उतरली तिथला कायदा पोलिसांचा नाही, पण कुणी मोडत नाही. आधी आला त्याने वरच्या टोकाला पाण्यात उतरायचं. एक फेक, मग एक पाऊल खाली. पुन्हा फेक, पुन्हा पाऊल. मागून येईल त्याने वरूनच, त्याच्या मागे उतरायचं आणि पुढच्याने पाऊल टाकल्यावरच आपलं टाकायचं. पुढच्याच्या खाली उतरून त्याचं न चाळलेलं पाणी हिसकावणं याहून मोठा अपमान टॅलिसवर नाही.

तिची सातवी फेक चालू होती तेव्हा काठावर पिकअपचं दार लागल्याचं ऐकू आलं. वळून न पाहताही तिला तो आवाज माहीत होता. वेंडेल झाडांतून खाली आला आणि काठावर उभा राहिला. खाली, तिच्यापासून चाळीस पावलांवर, मोठ्या खडकामागे पाणी संथ होत होतं. त्याची जागा. तेहेतीस वर्षं तिने नाव नेऊन तिथेच लावली होती.

तिने फेकलं. दोरी मध्येच कोसळली, वेटोळं होऊन पाण्यावर पडली. मुलंही हसली असती. काठावरून आवाज आला नाही.

बऱ्याच वेळाने गोट्यांवर बूट वाजले. खाली नव्हे, वरच्या बाजूला. पाणी ढवळल्याचा आवाज तिच्या मागे, वीसेक पावलांवर आला आणि थांबला. मग त्याची दोरी हवेतून गेली, नीट, लांब.

आता पाऊल तिने टाकायचं होतं. तिने एक फेक जास्तीची केली. ही बरी गेली. दोरी सरळ झाली, माशी पलीकडच्या पाण्यात उतरली, बुडाली, प्रवाहाबरोबर हळूहळू वळत आली. काही लागलं नाही. मागे वेंडेल थांबून होता.

मग ती एक पाऊल खाली सरकली. मागे गोटे वाजले, एकदाच.