हळदीचे वाचक

पनवेलच्या एसटी स्टँडामागच्या वाचनालयाचा खर्च पालिकेच्या कचेरीला फार जड झाला होता. चौकातल्या कारंज्याला रंगीत दिवे लावून झाले होते, तेव्हा काटकसर करायची ती दोन पंखे आणि चार वर्तमानपत्रांतच. वाचक दिसले नाहीत तर वाचनालय बंद, असं ठरलं. बुधवारी साहेब पाहणीला येणार होते.

ग्रंथपाल दयारामने हजेरीची वही चाळली. त्याचे वाचक म्हणजे पेपरावर डुलक्या काढणारे तीन पेन्शनर. पण बुधवारीच गव्हाणला पुतणीची हळद होती. त्याने सगळे पाहुणे टेम्पोत घालून आणले.

"वाचता येत नाय त्यांनी पण पुस्तक सुलटं धरा," त्याने दम भरला, "नायतर मटण नाय."

अशी शांतता त्या ‘शांतता राखा’ पाटीने जन्मात पाहिली नव्हती.

सत्यजीतसाहेब आले. पिवळ्या गालांचे वाचक जिन्यापर्यंत बसलेले. साहेबांनी एकही पुस्तक पाहिलं नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत चालून आले. "वा! एवढी माणसं आरामात बसतात!" दयाराम फुलून गेला.

सगळे जेवायला धावले. त्याची थोरली बहीण भामा तेवढी उठेना. चौथीनंतर तिने पुस्तक हातात धरलं नव्हतं.

"दया, हे घरी नेते."

"बाय, सभासद व्हावं लागतं," म्हणत त्याने ते काढून घेतलं. नियम म्हणजे नियम.

आठवड्याभरात हुकूम आला. इतकी प्रशस्त जागा लग्नकार्यांना भाड्याने द्यावी. पुस्तकं गोण्यांत भरून गोदामात गेली. दयारामची नोकरी मात्र शाबूत राहिली. तो आता हॉलचा व्यवस्थापक होता.

पहिल्या साखरपुड्याच्या सकाळी भामा दारात उभी.

"सभासद कर मला. त्या पुस्तकातली सून होडीत बसली, तिथवर आलेली मी."

दयारामने ते पुस्तक वाचलं होतं. "बाय, पुढचं मी सांगतो ना. ती सून..."

"सांगू नको!" भामाने कान झाकले. "मी वाचनार हाय."

आत केटररचा माणूस स्टेज कुठे लावू म्हणून ओरडत होता. इतक्या वर्षांत एका पुस्तकासाठी असं कुणी अडून बसलं नव्हतं. दयारामला भरून आलं, आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

भामा पायरीवर टेकली. "गोण्यांतून शोध तू. मी बसते इथं."