‘बंद’ म्हणजे नेमकं काय?

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे आधीच कबूल करते. आणि सगळ्यात लवकर तापतं ते सासूबाईंच्या संथपणावर. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघणार. दूध उतरवलं की शेगडीकडे दोनदा वाकणार. मी नवऱ्याला म्हणायचे, “यम आला ना, तरी तुझी आई त्याला विचारेल, पत्ता नीट बघून आलात ना?” तो हसायचा. त्याला काय जातंय हसायला!

सोमवारी माझी रजा संपणार होती. आमची ठमी तेरा महिन्यांची. दिवसभर तिला कोण सांभाळणार, यावर महिनाभर घरात चर्चा चालली होती. सासूबाई एकदाच म्हणाल्या, “मी आहे की.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पाळणाघरात नाव घातलं. ठमी म्हणजे नुसती भिंगरी, आणि या बाईंना चपला घालायला पाच मिनिटं लागतात! सासूबाई फक्त ठमीच्या झबल्यांच्या घड्या पूर्वीपेक्षा नीट घालायला लागल्या. मला ते दिसत होतं, आणि दिसतंय म्हणून जास्तच राग येत होता.

गुरुवारी नवऱ्याने मधल्या खोलीतलं कपाट सरकवलं आणि त्याचा कोपरा पलंगाशेजारच्या दिव्याच्या बटणाला लागला. कव्हरचा टवका उडाला. आतलं तांबं दिसायला लागलं. आणि ठमी नेमकी त्याच आठवड्यात पलंगावर चढून भिंतीला धरून उभी राहायला शिकलेली. जिथे भोक दिसेल तिथे बोट! वायरमनला तीन फोन केले. तिन्ही वेळा “उद्या येतो.” त्याचा उद्या काही उजाडेना. शनिवारी सकाळी मी स्वतःच दुकानातून तशाच मापाचं नवं कव्हर आणलं. दोन स्क्रू काढायचे, दोन लावायचे. हाय काय नि नाय काय!

अगदीच अडाणी नाही मी. आधी मेनबोर्ड उघडला. चार खटके होते. त्यातल्या एकाखाली सासऱ्यांच्या अक्षरात ‘मधली खोली’ लिहिलेलं, पण तो ना धड वर, ना धड खाली. बाबा, म्हणजे सासरे, गॅलरीत पेपर वाचत होते. मी तिथूनच ओरडले, “बाबा, मधल्या खोलीचा खटका बंद आहे ना?”

“बंदच आहे गं, केव्हाचा!” ते म्हणाले.

झालं. दिवसाउजेडी खोलीतला दिवा लावलेला नव्हताच, त्यामुळे वेगळं काही कळायचा प्रश्न नव्हता. मी पलंगावर गुडघे टेकले आणि पहिला स्क्रू काढला. दुसरा गंजलेला. मी कव्हरच्या फुटक्या कडेत बोटं घालून ते ओढणार, एवढ्यात दारातून आवाज आला.

“हात मागे घे.”

सासूबाई होत्या. काखेत ठमी. असा आवाज मी सहा वर्षांत ऐकला नव्हता. हात आपोआप मागे आला.

“अहो आई, बंद आहे! बाबांना विचारलंय मी.”

“टेस्टर लावलास?”

“बंद आहे म्हटल्यावर टेस्टर कशाला? प्रत्येक गोष्टीत तुमचं आपलं…” मी बोलता बोलता थांबले, कारण त्या ऐकतच नव्हत्या. ठमीला बाबांकडे देऊन आल्या. कपाटाच्या खणातून टेस्टर काढला. रबरी चपला घातल्या. होय, पाच मिनिटं लावून! मग स्वयंपाकघरात जाऊन चालू प्लगमध्ये टेस्टर घालून बघितला.

“हे काय आता?”

“टेस्टरच मेलेला असेल तर तो खोटं बोलेल,” त्या म्हणाल्या.

मग खोलीत आल्या, चष्मा पुसला, आणि फुटक्या जागेतून टेस्टरचं टोक अलगद तांब्याला टेकवलं. टेस्टरच्या पोटात लाल दिवा लागला.

मघाशी माझी बोटं तिथून वीतभरही लांब नव्हती.

“अहो!” सासूबाईंनी गॅलरीकडे हाक मारली. “तो खटका बंद आहे म्हणजे काय?”

“बंद म्हणजे बिघडलाय,” बाबा म्हणाले. “वायरिंग बदललं तेव्हापासून. ती खोली आता दुसऱ्याच खटक्यावर आहे. का गं?”

का गं म्हणे! मी पलंगावर बसूनच राहिले.

“आमच्या कारखान्यात हा शब्दच चालत नव्हता,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पंचवीस वर्षं पंख्यांच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळली होती, हे मला माहीत होतं. पण मी कधी त्याबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. “बंद म्हणायचं नाही. ‘उतरवलंय’ म्हणायचं, नाहीतर ‘बिघडलंय’ म्हणायचं. एका पोरीने बंद आहे ऐकून हात घातला. माझ्या शेजारी बसायची. त्यानंतर तो शब्द गेला.”



मग त्यांनी अख्ख्या घराचा मेन उतरवला. मेनखाली खुर्ची ठेवली आणि ठमीला मांडीवर देऊन बाबांना तिथे बसवलं. “मी सांगेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. देव आला तरी.” बाबा शहाण्यासारखे बसले. सासूबाईंनी पुन्हा टेस्टर लावला. प्रत्येक स्क्रूला, फुटक्या जागेतून पोचेल त्या प्रत्येक तारेच्या टोकाला. टेस्टरचा दिवा कुठेच लागला नाही. तेव्हा कुठे त्यांनी पेचकस हातात घेतला.

मी मोबाईलची बॅटरी धरून उभी होते, आणि खरं सांगते, बघतच राहिले. गंजलेला स्क्रू त्यांनी दाबून धरून किंचित फिरवला, थांबल्या, परत फिरवला. तो सुटला. स्क्रू वाटीत. आतली प्रत्येक तार नीट बसली आहे का, कुठे उघडी पडली आहे का, ते न्याहाळलं. नवं कव्हर लावताना एकही तार कडेखाली चेपू दिली नाही. स्क्रू आधी बोटांनी बसवले, मग पेचकसाने फक्त अर्धा वळसा. “जास्त आवळलं की प्लास्टिक तडकतं,” त्या म्हणाल्या. साठी उलटलेल्या बाईचा हात, पण तसूभर थरथरला नाही. आणि या हाताला मी मंद म्हणत होते! मला माझी लाज वाटली.

मेन चढवला. दिवा लागला. बाबांनी ठमीला टाळ्या वाजवायला लावल्या. सासूबाई वाटी धुवायला आत गेल्या.

मी पाळणाघराला फोन लावला आणि म्हटलं, आमचं नाव काढा.

“का हो? घरी कोण आहे?” तिथल्या बाईंनी विचारलं.

“माझ्या सासूबाई.”

“वय झालं असेल ना त्यांचं? चालायला लागलेलं मूल आहे तुमचं. जमेल का त्यांना?”

स्वयंपाकघरातला नळ थांबला होता.

“त्यांना जमेल हो,” मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. “मलाच अजून जमत नाही.”