पोत्याचा पेशंट

ज्वारीचे रिकामे पोते.

फुटबॉलचा ब्लॅडर, ठिगळ लावलेला.

वाळलेला भोपळा.

सायकलच्या ट्यूबचा हातभर तुकडा.

जुन्या लुगड्याच्या दोन चिंध्या, एक लाल, एक जांभळी.

मित्रांनो, हे सगळे एकत्र शिवले की मी होतो. मी एक जुना पेशंट आहे. कितीदा मेलो, कितीदा वाचलो, पण बरा होऊन घरी कधी गेलो नाही.

माझा जन्म परभणी जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात झाला. त्याचे नाव सांगत नाही. पिंगळीहून, चुडाव्याहून लोक रेल्वेने तिथे येत. मला शिवले डॉक्टर सत्यशीलाबाईंनी. ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल देणे आणि तो जागा होईपर्यंत त्याचा श्वास सांभाळणे, हे त्यांचे काम. मोठ्या कॉलेजातून शिकाऊ डॉक्टर त्यांच्याकडे येत. त्यांच्यासाठी मी होतो. भोपळा माझे डोके, ब्लॅडर माझे फुप्फुस, ट्यूब माझा घसा. ओठांवर लाल चिंधी असली की मी ठीक. बाईंनी हळूच जांभळी ठेवली की माझा श्वास कोंडला.

नळी घालायला तर बाई शिकवतच. पण माझ्यावरचा खरा धडा बोलण्याचा होता.

का, ते सांगतो. तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून सारा मराठवाडा तापलेला होता. कुणी आडनाव विचारले की माणूस आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघे. दवाखान्यातल्या लोकांनी मग नावेच सोडून दिली. सगळे वॉर्डबॉय मामा, सगळ्या नर्स सिस्टर, सगळे डॉक्टर साहेब. त्यात वाईट काही नव्हते. सगळे एकमेकांना जपत होते, एवढेच.

पण पहिल्याच सरावात बाईंनी माझ्या ओठांवर जांभळी चिंधी ठेवली आणि शिकाऊ डॉक्टर भुजंग म्हणाले, "मामा, कुणीतरी ऑक्सिजनची टाकी बघा."

खोलीत मुंजाजीमामा होते आणि येडबामामाही. मुंजाजींनी येडबांकडे पाहिले. येडबांनी मुंजाजींकडे पाहिले. दोघेही अदबीने उभे राहिले. मी मेलो.

"मला वाटलं, याला म्हनले," मुंजाजी म्हणाले.

"आन् मला वाटलं, तुला," येडबा म्हणाले. "तू थोरला हायस ना!"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना बाकावर बसवले, चहा मागवला आणि एकेकाला विचारले, "तुम्हाला काय दिसलं?" दोष द्यायचा नाही, दिसले ते सांगायचे, असा तिथला नियम होता. मग त्या म्हणाल्या, "उद्यापासून या खोलीत नावानं हाक. आणि ज्याला हाक मारली त्यानं काय करतोय ते मोठ्यानं सांगायचं."

नावाने हाक मारणे मामांना लवकर जमले. भुजंगांची अडचण वेगळीच होती. त्यांचा आवाजच निघत नसे. त्या वर्षी त्यांच्या गावाकडच्या वस्तीत जे घडले ते त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही. आपण असल्याचे कुणाला कळू नये, असे ते हळू बोलत. हात मात्र फार हलका. माझ्या घशात त्यांनी घातलेली नळी मला कधी लागली नाही.

पेशंटचा श्वास कोंडला की मोठ्या सर्जनला थांबवायचा सराव आला, तेव्हा बाईंनी येडबामामांना सर्जन केले. टोपी आणि मास्क घालून ते असे काही खुलले!

"येडबा साहेब... जरा... बघता का..." भुजंग म्हणाले.

"काय पुटपुटायलात, डॉक्टर? तोंडात लाडू हाय का?"

"तसं नाही... थांबलात तर..."

"मी कशाला थांबू? लय काम पडलंय मला! सिस्टर, कातर!"

नर्स सुमनबाईंना हसू आवरेना. भुजंगही हसले, आणि चिंधी जांभळीच राहिली. असे कितीतरी दिवस गेले. बाई सोडून देईनात. "अहो, तुमचा आवाज हेही औषधच आहे," त्या म्हणत. "ते वेळेवर द्यायला नको का?"

मग कासाबाई आल्या. चारठाण्याकडच्या, मेंढरे राखणाऱ्या घरातल्या. पोटात मूल आडवे. त्यांचा नवरा उमाजी घोंगडी कवटाळून दाराबाहेर बसला होता. सत्यशीलाबाई त्या दिवशी बाहेरगावी होत्या. ऑपरेशन खरे सर्जन दत्तराव साहेबांचे, आणि भूल एकट्या भुजंगांची. मी शेजारच्या खोलीत बाकावर होतो. मधले दार अर्धे उघडे होते.

मूल रडलेले मी ऐकले. नंतर फक्त चिमट्यांचा आवाज. आणि मग भुजंगांचा, नेहमीसारखा हळू:

"साहेब... रक्त काळं दिसतंय."

"दोन टाके राहिलेत फक्त."

काळे रक्त म्हणजे माझी जांभळी चिंधी, आणि चिमटे चालूच होते. माझे फुप्फुस रबराचे, तरी मला कोंडल्यासारखे झाले. बोला हो, भुजंग. मी आजवर मेलो त्याचे काही नाही. ही बाई खरी आहे.

"दत्तराव साहेब, थांबा!"

तो आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता.

"टाके नकोत. हातानं दाबून धरा. मुंजाजीमामा, टाकी बदला. काटा खोटा दाखवतोय. सुमनबाई, तोवर साध्या हवेची पिशवी दाबा."

"टाकी बदलायलोय!"

"पिशवी दाबतेय, डॉक्टर!"

आणि क्षणभराने दत्तरावांचा आवाज, "थांबलो. दाबून धरलंय."

पिशवीचा फस्स फस्स आवाज तेवढा येत राहिला. मग सुमनबाई म्हणाल्या, "ओठ लाल व्हायलेत."

कासाबाई मुलीला घेऊन चारठाण्याला गेल्या. सत्यशीलाबाई परत आल्या त्या दिवशी दत्तराव साहेब आमच्या खोलीत आले आणि बाकावर बसले. "बाई, मलाही घ्या सरावाला. येडबामामा, माझी जागा मला द्या."

"द्यायलो की सायेब," येडबामामा म्हणाले, "पर वरडायचं माझ्याकडून शिकून घ्या."

इथे माझ्या बरगडीची शिवण उसवली आहे. मधली काही वर्षे त्यातून सांडली.

भुजंग शिकून मोठे डॉक्टर झाले. बाईंची बदली झाली. दवाखान्यात नवी यंत्रे आली, ती आपणहून टिंटिं करतात. मग मला कुणी हाक मारीना. आता मी मोडक्या खाटांखाली आहे. भोपळ्याला भेग पडली आहे. उंदरांना माझ्यात अजून ज्वारीचा वास येतो.

मित्रांनो, माझी कीव करून मला झटकून पुसून कपाटात ठेवू नका. मला दोन टाके घाला आणि टेबलावर घ्या. माझ्यावर चुका, मला मारा, मग बाकावर बसून चहा पीत बोला. शेजारच्याचे नाव माहीत करून घ्या. यंत्र टिंटिं करील, पण दत्तरावांना थांबा म्हणणार नाही.

बाईंनी मला शिवायला घेतले त्याच्या आदल्या आठवड्यात, भरल्या खोलीत, सगळे 'कुणीतरी बघा' म्हणत असताना, कासाबाईंच्याच त्या टेबलावर भिवराबाई नावाची एक बाई गेली होती.